द कीप, लाइफफोर्स, इव्हेंट होरायझन: तीन मोडलेले सिनेमे पुन्हा पाहताना

किल्ला बांधताना भक्कम चिरे बाहेरच्या अंगाला लावतात, कारण तोफगोळा, सुरुंग, शिडी जे काही येणार ते बाहेरून. 'द कीप'च्या सुरुवातीलाच जर्मन कप्तान वोरमान रुमानियाच्या डोंगरातली एक जुनी गढी न्याहाळतो आणि त्याच्या ध्यानात येतं, की इथे सगळं उलटं आहे. लहान दगड बाहेर, प्रचंड चिरे आत. म्हणजे आत जे आहे ते बाहेर पडू नये, म्हणून ही गढी बांधली आहे. सह्याद्रीतले चार किल्ले पायाखाली घातलेल्या माणसाला तर हे ऐकताच अंगावर काटा येईल. भुताचं नाव नाही, रक्ताचा थेंब नाही, फक्त बांधकामाची एक चूक, आणि तेवढ्यावर पुढच्या सगळ्या सिनेमाचा पाया घातला जातो.

पुढे त्या पायावर इमारत नीट उभी राहत नाही. 'द कीप' (१९८३), 'लाइफफोर्स' (१९८५) आणि 'इव्हेंट होरायझन' (१९९७) हे तिन्ही भय आणि विज्ञानकथा किंवा अद्भुत यांच्या सीमेवरचे सिनेमे. तिन्ही आपापल्या वेळी आपटले आणि तिन्हींना पुढे जिवाला जीव देणारे चाहते मिळाले. चाहत्यांमध्ये एक समज पक्का आहे: स्टुडिओने कात्री लावली म्हणून सिनेमा बिघडला, कापलेला भाग मिळाला असता तर अजरामर झाला असता. हे एकाला बरंचसं लागू पडतं, दुसऱ्याला अर्धवट, तिसऱ्याला जवळजवळ नाहीच. सिनेमा नेमका कुठे मोडला आणि कशामुळे, हे आधी माहीत असेल तर त्याच्याकडून काय मागायचं आणि काय नाही हे ठरवता येतं, आणि हे सिनेमे तसेच पाहावेत.

'द कीप' मायकेल मानचा. काळ १९४१, कार्पेथियन पर्वतातली खिंड, आणि गढीच्या भिंतीत बसवलेले १०८ निकेलचे क्रूस. दोन सैनिकांना त्यातला एक चांदीचा असल्याचा सुगावा लागतो. ते तो उपटतात, मागचा दगड ओढून काढतात आणि एक जण त्या भोकात डोकं घालून विजेरीचा झोत टाकतो. इथे कॅमेरा मागे सरकू लागतो, आणि सरकतच राहतो. विजेरीचा उजेड आधी ताटाएवढा, मग नाण्याएवढा, मग टाचणीच्या टोकाएवढा होतो. खाली कुठेतरी जमिनीवर पडझड झालेले खांब दिसू लागतात आणि डोंगराच्या पोटात किती मोठी पोकळी आहे हे उमगत जातं. मग खालून प्रकाशाचा एक ठिपका वर, त्या भोकाच्या दिशेने निघतो. एकही शब्द न उच्चारता इतकी प्रचंड जागा आणि इतकं प्रचंड वय दाखवणारा दुसरा शॉट या प्रकारच्या सिनेमांत शोधून सापडणं कठीण.

कलादिग्दर्शन जॉन बॉक्सचं, छायाचित्रण ॲलेक्स थॉमसनचं. गावाचा सेट वेल्समध्ये, लानबेरिसजवळच्या पाटीच्या दगडाच्या जुन्या खाणीत उभारला होता. ओली काळी कपार, धुकं, आणि मागून टाकलेले प्रखर दिवे. त्यावर टँजरीन ड्रीम या जर्मन बँडचं सिंथेसायझरवरचं संगीत. दुसऱ्या महायुद्धाच्या सिनेमात इलेक्ट्रॉनिक संगीत कागदावर विजोड वाटतं, पण मानला युद्धपट करायचाच नव्हता, त्याला स्वप्नात ऐकलेली परीकथा हवी होती. त्या स्वप्नाला हेच संगीत लागतं.

या सिनेमाचा गाभा मात्र एका सौद्यात आहे. गढीत सैनिक मरू लागतात, भिंतीवरचा मजकूर वाचायला नाझी एका ज्यू इतिहासकाराला, प्राध्यापक कुझाला, छळछावणीच्या वाटेवरून परत आणतात. इयन मॅकेलनने केलेला हा कुझा आजाराने खंगलेला, चाकाच्या खुर्चीत अडकलेला. गढीतली शक्ती, मोलासार, त्याला स्पर्श करते आणि त्याचं शरीर पुन्हा सरळ होतं. बदल्यात त्याने एक वस्तू गढीबाहेर नेऊन ठेवायची, म्हणजे मोलासार मोकळा होईल आणि नाझींना संपवेल. ज्याच्या लोकांना जिवंत जाळलं जातंय, त्याने राक्षसाची मदत घ्यावी का? हा प्रश्न पोकळ नाही, आणि कुझाचं उत्तर चुकीचं आहे हे कळत असूनही प्रेक्षक काही काळ त्याच्याच बाजूने राहतो. दुसरीकडे वोरमान (युर्गेन प्रॉखनो) आणि एसएस या नाझींच्या कुप्रसिद्ध निमलष्करी दलाचा केम्पफर (गॅब्रिएल बर्न) समोरासमोर येतात तेव्हा वोरमान त्याला सुनावतो, की आत जे आहे ते तुमच्यासारख्यांच्याच मनातून आलं आहे. हा प्रसंग पूर्ण आहे, त्याला कात्री लागलेली नाही. पुन्हा पाहताना इथे थांबून पाहावं.

मग बिघडलं कुठे? चित्रीकरण ठरलेल्या १३ आठवड्यांवरून २२ वर गेलं. मानचा पहिला कट, म्हणजे संकलित प्रत, सुमारे साडेतीन तासांचा, करार दोन तासांच्या सिनेमाचा, आणि पॅरामाउंटने प्रदर्शित केला तो ९६ मिनिटांचा. त्याहून मोठा घाव दुसरा होता. दृश्यपरिणामांची जबाबदारी वॉली व्हीव्हर्सकडे होती. कॅमेऱ्यात आणि ऑप्टिकल प्रिंटरवर (फिल्मचे थर एकावर एक छापणाऱ्या यंत्रावर) करायच्या जादूतला हा जुनाजाणता माणूस, '२००१: अ स्पेस ओडिसी'वर काम केलेला. पोस्ट-प्रॉडक्शन नुकतंच सुरू झालं असताना तो वारला. कोणता थर कोणत्या थरावर चढवायचा, कोणता धूर कशासाठी चित्रित केला होता, हे त्याच्याच डोक्यात होतं. २६० च्या आसपास शॉट बाकी होते आणि ते मानला स्वतःला निस्तरावे लागले.

हे लक्षात ठेवून मोलासारकडे पाहा. तो तीन टप्प्यांत घडतो. आधी नुसता धूर आणि प्रकाश, मग मज्जातंतू आणि स्नायूंचा उघडा सांगाडा, शेवटी पूर्ण देह. पहिला टप्पा आजही अप्रतिम आहे. दाराच्या चौकटीत उलट्या दिशेने ओढला जाणारा धूर आणि त्यात दोन लाल ठिपके, एवढंच. दुसरा चालून जातो. तिसऱ्यात रबरी पोशाखातला माणूस दिसतो आणि भीती जाते. व्हीव्हर्स असता तर तिसरा टप्पाही धुरात आणि प्रकाशात बराच झाकला गेला असता, असं पहिल्या टप्प्याकडे पाहून वाटतं. शेवटची झुंज तर मुळात आखली होती तशी झालीच नाही. पडद्यावर आहे तो घाईत गुंडाळलेला शेवट.

कात्रीची सर्वांत मोठी जखम ग्लेकेनला बसली. स्कॉट ग्लेनने केलेला हा पहारेकरी ग्रीसहून निघतो, गढीत पोचतो, आणि कुझाच्या मुलीशी, इव्हाशी, त्याची ओळख होऊन काही क्षणांतच दोघं एकत्र असतात. ती कोण, तो कोण, यांना एकमेकांची ओढ का, यातलं काहीच उरलेलं नाही. गावातला पाद्री आणि गावकरी एकाएकी वेड्यासारखे का वागू लागतात, त्याचंही तेच. गढीतून झिरपणारं विष गावात पसरतंय हा धागा होता, त्याची मधली वीण कापली गेली. हे ठाऊक असेल तर उत्तरार्धातला गोंधळ सोसतो. चाहत्यांचा समज ज्या सिनेमाला खऱ्या अर्थाने लागू आहे तो हाच.

'इव्हेंट होरायझन' हाही पॅरामाउंटचा, हाही ९६ मिनिटांचा. पण कहाणी वेगळी.

मराठी वाचकाला कृष्णविवर हा शब्द जयंत नारळीकरांच्या लेखणीतून घरचा झाला, त्यामुळे नावाचा अर्थ सांगायला नको: घटना क्षितिज, ज्यापलीकडून प्रकाशही परत येत नाही ती सीमा. सिनेमात हे एका यानाचं नाव आहे. २०४० मध्ये पहिल्याच प्रवासात गायब झालेलं हे यान सात वर्षांनी नेपच्यूनजवळ पुन्हा प्रकटतं. 'लुईस अँड क्लार्क' हे बचावयान तिथे जातं, सोबत मूळ यान बनवणारा डॉ. वियर (सॅम नील). कप्तान मिलर (लॉरेन्स फिशबर्न) आणि त्याचे लोक आत शिरतात. यान कुठे जाऊन आलं हा प्रश्न आहे, आणि उत्तर असं, की नरकात.

फिलिप आयस्नरच्या मूळ पटकथेत परग्रहावरचे प्राणी होते. दिग्दर्शक पॉल अँडरसनला ते नको होते, त्याला झपाटलेला वाडा हवा होता. हा निर्णय सिनेमातला सर्वांत शहाणा निर्णय ठरला, कारण त्यानंतर सगळं ओझं वास्तूवर आलं आणि वास्तू जबरदस्त आहे. कलादिग्दर्शक जोसेफ बेनेटच्या चमूने पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलची रचना संगणकात घेऊन तिचे तुकडे केले आणि त्या तुकड्यांतून यान जुळवलं. इंजिनं म्हणजे आडवे झोपवलेले मनोरे. आतल्या खांबांत, कमानींत, खिडक्यांच्या जाळीत तेच चर्च परत परत डोकावतं. पहिल्यांदा पाहताना हे कळत नाही, पण यंत्रात शिरूनही आपण देवळात उभे आहोत अशी अस्वस्थता राहते. दुसऱ्यांदा पाहताना ते शोधत जावं.

तीन जागा नीट पाहा. एक, पुढचा आणि मागचा भाग जोडणारा लांबच लांब मार्ग. त्यात ठरावीक अंतरावर स्फोटकं बसवलेली आहेत, संकट आलं तर पुढचा भाग तोडून जीवनौकेसारखा वापरता यावा म्हणून. हे सुरुवातीला सहज बोलता बोलता सांगितलं जातं आणि शेवटी तंतोतंत वापरलं जातं. दोन, गाभ्याकडे नेणारा फिरता बोगदा, ज्याच्या भिंतींवरचे दात उलटसुलट फिरतात. त्याचं तांत्रिक कारण वियर देतो, पण कोणाचंही समाधान होत नाही आणि तसंच अपेक्षित आहे. तीन, खुद्द गाभा: काटेरी भिंतींच्या गोल खोलीत एकात एक फिरणारी तीन कडी. तिन्ही सेट प्रत्यक्ष बांधलेले, एड्रियन बिडलने हिरव्या आणि निळ्या उजेडात टिपलेले, आणि म्हणून आजही खरे वाटतात. याउलट पहिल्या प्रवेशात हवेत तरंगणाऱ्या वस्तू संगणकावरच्या आहेत आणि १९९७ चं तंत्र तिथे उघडं पडतं. गुरुत्व परत सुरू झाल्यावर गोठलेलं प्रेत खाली पडून चक्काचूर होतं, तिथे सिनेमा पुन्हा सावरतो.

विज्ञानाच्या बाबतीत सिनेमाला सरसकट हसण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. एक प्रसंग घ्या. जस्टिन हा तरुण तंत्रज्ञ अवकाशपोशाख न घालता एअरलॉकमध्ये, म्हणजे यानाच्या आतल्या आणि बाहेरच्या दारांमधल्या हवाबंद खोलीत, अडकतो आणि बाहेरचं दार उघडणार असतं. मिलर त्याला ओरडून सांगतो: अंग आवळून गोळा हो, डोळे घट्ट मीट, फुफ्फुसातली सगळी हवा सोडून दे. यातली शेवटची सूचना अगदी बरोबर आहे. निर्वातात श्वास रोखून धरला तर आतली हवा प्रसरण पावून फुफ्फुसं फाडते. १९६६ मध्ये नासाच्या ह्यूस्टनच्या निर्वात कक्षात एका तंत्रज्ञाच्या पोशाखाची नळी निसटली, तेव्हा साधारण १४ सेकंदांत त्याची शुद्ध हरपली आणि शेवटची आठवण राहिली ती जिभेवरची लाळ उकळत असल्याची. कक्षात लगेच हवा सोडली गेली आणि तो वाचला. सिनेमा रक्तवाहिन्या फुगवून आणि रक्त उडवून अतिशयोक्ती करतो, पण माणूस क्षणात फुटत नाही आणि लवकर आत घेतला तर जगू शकतो, हा पाया खरा आहे. प्रसंग इतका पकड घेतो तो त्यामुळेच: आकडे मोजले जात आहेत आणि वेळ खरोखर तेवढाच आहे.

दुसरी हुशारी कार्बन डायऑक्साइडची. बचावयानाला भगदाड पडतं, सगळ्यांना मोठ्या यानात आसरा घ्यावा लागतो, आणि तिथे हवा शुद्ध करण्याची क्षमता सुमारे २० तास पुरेल एवढीच आहे. एक माणूस दिवसाला साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बंद जागेत तो साचू लागला की डोकं दुखतं, विचार भरकटतात. म्हणजे चमूतल्या पीटर्सला आपला आजारी मुलगा दिसतो, मिलरला आगीत मागे सोडलेला सहकारी, वियरला आत्महत्या केलेली बायको, ते भास आहेत की यान त्यांच्या मनातला अपराध उकरून काढतंय, हे दोन्ही शक्य राहतं. सिनेमाने ही दुविधा अर्ध्या वाटेवर सोडून दिली, आणि खरी मोडतोड इथे आहे. यान जिवंत आहे, असं कोणीतरी स्पष्ट बोलून टाकतं आणि मग शंकेला जागा उरत नाही. ज्या माणसांना स्वतःच्या मनाची भीती वाटत होती त्यांना आता एका खलनायकाची भीती वाटायची असते. सॅम नील डोळे काढलेल्या अवस्थेतही पूर्ण ताकदीने उभा राहतो, पण त्याच्या तोंडी आता नुसत्या धमक्या आहेत.

हे कात्रीमुळे झालं का? वेळेमुळे पुष्कळ बिघडलं, यात शंका नाही. दिग्दर्शकाला पहिला कट जुळवायला साधारणपणे १० आठवडे मिळतात. अँडरसनने सहा मान्य केले, दुसऱ्या युनिटचं (मुख्य चमूखेरीज वेगळं चित्रीकरण करणाऱ्या गटाचं) काम लांबल्यामुळे हातात चारच उरले. 'टायटॅनिक' उन्हाळ्यातून डिसेंबरवर गेला होता आणि ती रिकामी जागा भरायला पॅरामाउंटला ऑगस्टसाठी सिनेमा हवा होता. १३० मिनिटांच्या आसपासचा, ध्वनिमिश्रणही पूर्ण न झालेला कट चाचणीसाठी दाखवला गेला, लोक हादरले, आणि घाईघाईत ९६ मिनिटांपर्यंत छाटणी झाली. कापलेला बराचसा भाग रक्तपाताचा होता: जुन्या चमूच्या शेवटच्या क्षणांची चित्रफीत आणि नरकाची दृश्यं. पुढे डीव्हीडीवर सिनेमा चालला तेव्हा स्टुडिओने कापलेल्या भागाची विचारणा केली, पण तोवर फिल्म नीट जपलेलीच नव्हती. काही तुकडे ट्रान्सिल्व्हानियातल्या मिठाच्या खाणीत ठेवलेले सापडले, तेही खराब झालेले. हे अँडरसननेच सांगितलेलं आहे.

हे नुकसान दुःखद आहे. तरीही एक गोष्ट ठामपणे म्हणावी लागते: गेलेली दृश्यं परत आली असती तरी शेवटचा अर्धा तास सुधारला नसता. चित्रफितीचा तो प्रसंग आत्ता एक-दोन फ्रेमच्या झटक्यांत दाखवला जातो. डोळ्यांना नीट पकडता येत नाही, मन उरलेलं भरून काढतं, म्हणून तो वर्षानुवर्षं डोक्यातून जात नाही. तो दोन मिनिटं स्थिर दाखवला असता तर मेकअपचं कौशल्य दिसलं असतं, एवढंच. छाटणीने गमावलं असेल तर ते बचावयानावरच्या लोकांच्या आपसांतल्या नात्यांचं. पहिल्या वीस मिनिटांत त्यांची थट्टामस्करी आणि चिडचिड इतकी सहज आहे, की पुढे ते एकेक करून मरताना त्यातलं काहीच हाती लागत नाही याची रुखरुख लागते. त्यांच्यातल्या कूपरच्या तोंडचे विनोदही भलत्या क्षणी येतात आणि ताण मोडतात. शेवटच्या श्रेयनामावलीवर प्रॉडिजी या ब्रिटिश बँडचं धडधडतं नाचगाणं लावलंय, ते बंद करून दोन मिनिटं शांत बसलेलं बरं.

आता 'लाइफफोर्स'. टोबी हूपरचा सिनेमा, कॅनन फिल्म्सचा पैसा, २.५ कोटी डॉलरचं बजेट, कोलिन विल्सनच्या 'द स्पेस व्हँपायर्स' या कादंबरीवरून डॅन ओबॅनन आणि डॉन जाकोबी यांनी लिहिलेला. अमेरिकेत त्याने सव्वा कोटीही मिळवले नाहीत. चाहत्यांच्या समजाची परीक्षा घ्यायला हा सिनेमा उत्तम आहे, कारण इथे कापलेला भाग हरवलेला नाही. अमेरिकेत १०१ मिनिटांचा कट लागला, बाकी जगात ११६ मिनिटांचा, आणि लांब कट आज सहज मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून कात्रीने किती बिघडवलं हे मोजता येतं.

पहिला भाग दोन्हीत भव्य आहे, पण लांब कटमध्ये त्याला श्वास घ्यायला जागा मिळते. 'चर्चिल' हे यान हॅले धूमकेतूजवळ जातं. त्याचं इंजिन सतत त्वरण देतं म्हणून आत गुरुत्व आहे, हे सुरुवातीच्या निवेदनात एका वाक्यात सांगून टाकलंय, आणि इंजिनाचं नाव, नर्व्हा, नासाच्या अणुरॉकेटच्या खऱ्या प्रकल्पाचं आहे. धूमकेतूच्या शिखेत, म्हणजे गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या आवरणात, १५० मैल लांबीचं परकं यान दडलेलं आहे. सिनेमा लागल्यानंतर वर्षभरातच, मार्च १९८६ मध्ये, युरोपच्या जोत्तो यानाने हॅलेचा गाभा जवळून टिपला आणि तो निघाला जेमतेम १५ किलोमीटर लांबीचा. सिनेमातलं यान त्याच्या पंधरापटीहून मोठं! पण जॉन डायक्स्ट्राच्या चमूने ते असं दाखवलं आहे, की आकड्याची आठवण राहत नाही. छत्रीसारखा उलगडणारा शेंडा, आत सुकलेल्या वटवाघळांसारखी प्रेतं, आणि काचेच्या पेट्यांत तीन नितळ माणसं. हेन्री मॅन्सिनीच्या वाद्यवृंदाने या प्रवेशाला जे संगीत दिलंय ते कुठल्याही महागड्या अवकाशपटाच्या तोडीचं आहे. अमेरिकन कटमध्ये त्याचे काही तुकडे काढून मायकेल केमनचं संगीत घातलं, आणि ती सरळसरळ हानी आहे.

लंडनमध्ये आल्यावर सिनेमा स्वतःचा नियम मांडतो: जिची जीवनशक्ती शोषली गेली ती व्यक्ती दोन तासांनी उठते, तिला दुसऱ्याची शक्ती मिळाली तर पुन्हा भरून येते, नाही मिळाली तर भुगा होऊन फुटते. नियम साधा आहे, त्याला घड्याळ आहे, आणि शवविच्छेदनाच्या टेबलावरचा सापळा उठतो तो प्रसंग त्या घड्याळावर चालतो. निक मेलीच्या चमूने बनवलेले, आतून तारांनी हलवलेले हे सापळे आजही बघवत नाहीत इतके चांगले आहेत. मॅथिल्डा मेच्या वाट्याला संवाद मोजके आणि कपडे त्याहून कमी आले, तरी ती एका थंड, कुतूहल असलेल्या नजरेवर भूमिका तोलून धरते. प्रचारात तिच्या देहाचाच बोलबाला झाला आणि ही नजर कोणी पाहिली नाही, हा तिच्यावर अन्याय आहे.

मग मोडतं कुठे? मध्यावर, आणि दोन्ही कटमध्ये त्याच ठिकाणी. यानावर जे घडलं ते पाहिलेला एकच माणूस, कार्लसन (स्टीव्ह रेल्सबॅक), सुरुवातीनंतर पडद्यावरून नाहीसा होतो. त्या काळात कर्नल केन (पीटर फर्थ) आणि डॉ. फालाडा (फ्रँक फिन्ले) यांच्या हातात सिनेमा असतो आणि तो ब्रिटिश तपासकथेसारखा नेटका चालतो. नंतर कार्लसन परततो आणि यानावर काय झालं ते बसून सांगू लागतो. जे रहस्य उलगडत नेता आलं असतं ते भूतकाळातल्या दृश्यांत एकदम ओतलं जातं. तिथून सिनेमा यॉर्कशरच्या मनोरुग्णालयाकडे भरकटतो. पॅट्रिक स्टुअर्टचा तिथला एक प्रसंग विलक्षण आहे, पण तोवर लंडनचं काय झालं हे आपण विसरतो, आणि परत येतो तेव्हा सगळं शहर आधीच पेटलेलं असतं. दोन तासांच्या नियमाने शहर कसं कोसळलं हे पाहायला मिळायला हवं होतं, आणि नेमकं तेच नाही. हा दोष लेखणीचा आहे. ११६ मिनिटांच्या कटने वातावरण परत दिलं, संगीत परत दिलं, मधला खड्डा तसाच ठेवला.

पाहण्याआधी थोडी तयारी करावी. जुन्या डीव्हीडीवरची लांबी पाहून फसू नका. आपल्याकडच्या आणि युरोपच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ फ्रेमने धावतो, म्हणजे चार टक्के लवकर संपतो. ९६ मिनिटांचा सिनेमा ९२ मिनिटांत आटोपला तर त्यातून काही कापलेलं नाही. 'लाइफफोर्स'ची डिस्क १११ मिनिटं दाखवत असेल तर तो लांब कटच आहे, ९७ दाखवत असेल तर अमेरिकन. आवाजाचा स्वरही या वेगामुळे किंचित चढतो, आणि मॅन्सिनी व टँजरीन ड्रीम या दोघांच्या बाबतीत ते कानाला जाणवतं, म्हणून ब्लू-रे मिळत असेल तर तीच घ्यावी. ब्लू-रे बाहेरून मागवताना प्रदेश, म्हणजे डिस्क कोणत्या देशांतल्या यंत्रावर चालेल तो गट, तपासा: भारत सी गटात येतो, अमेरिकेची डिस्क ए गटातली असते, युरोपची बी. फोरके डिस्कला प्रदेशाचं कुलूप नसतं, पण त्याच डब्यातल्या साध्या ब्लू-रेला असू शकतं.

चित्राची चौकट त्याहून महत्त्वाची. तिन्ही सिनेमे रुंद पडद्याचे आहेत, साधारण २.३५ ला १. आजच्या टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या येऊन चित्राने उंचीचा पाऊण भाग व्यापला पाहिजे. चित्र पडदाभर पसरलं असेल तर दोन्ही बाजूंचा मिळून पाव भाग गेला आहे. जुन्या चौकोनी टीव्हीसाठी केलेल्या प्रतीत तर ४० टक्क्यांहून जास्त चित्र नाहीसं होतं. 'इव्हेंट होरायझन'चा मार्ग आणि 'द कीप'ची पोकळी दोन्ही रुंदीवरच उभे आहेत. टीव्हीवरचं 'मोशन स्मूदिंग' (मध्ये कृत्रिम फ्रेम घालून हालचाल गुळगुळीत करणारी सोय) बंद करा, नाहीतर धूर आणि धुकं प्लॅस्टिकसारखं दिसतं. खोली पूर्ण काळोखी ठेवा, पण टीव्हीचा ब्राइटनेस वाढवू नका. 'द कीप'मध्ये ब्राइटनेस वाढवला की काळा रंग राखाडी होतो आणि मोलासारचा रबरी पोशाख आधीच दिसू लागतो.

क्रम असा ठेवावा: आधी 'इव्हेंट होरायझन', कारण त्याची पकड पहिल्या दृश्यापासून आहे आणि नवख्याला अडखळायला होत नाही. त्यानंतर 'लाइफफोर्स'चा ११६ मिनिटांचा कट. 'द कीप' शेवटी, आणि तोही एका बैठकीत, मध्ये न थांबता. त्यातले दुवे इतके तुटके आहेत, की मध्ये उठून चहा करायला गेलं तर स्वप्न मोडतं. क्रूस उपटायला सैनिक पुढे सरसावले की आवाज नेहमीपेक्षा दोन घरं वर करावा. दगड सरकतो तेव्हा सगळं शांत होतं, मग संगीत अगदी तळातून चढत येतं, आणि कमी आवाजात ती सुरुवातच ऐकू येत नाही.